९९ रुपयांचे डोमेन खरेच स्वस्त असते का? भरवशाचा रजिस्ट्रार कसा निवडायचा?

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखाना असो, अर्नाळ्याचे होम-स्टे असो, नाहीतर सुकेळी आणि मसाले घरून विकणारा बचत गट असो, नवा ग्राहक फोन करण्याआधी मोबाइलवर नाव शोधून बघतो. त्यामुळे स्वतःची वेबसाइट हवी, निदान धंद्याच्या नावाचा ईमेल तरी हवा, असे अनेकांना वाटते. त्याची पहिली पायरी म्हणजे डोमेन नाव.

डोमेन शोधायला गेले की जाहिराती दिसतात : पहिले वर्ष फक्त ९९ रुपये, कुठे १९९, कुठे चक्क मोफत. दुसरीकडे त्याच नावाचे कोणी हजार-अकराशे रुपये सांगतो. वस्तू एकच, मग दरात एवढा फरक का? आणि स्वस्तातले घेतले तर धोका नेमका कसला?

वसई-विरारमध्ये फ्लॅट घेताना दर विचारण्याआधी कागद बघावेत, हे आता कोणाला शिकवावे लागत नाही. डोमेनचेही तसेच आहे. दर महत्त्वाचा आहेच, पण नोंद कोणाच्या नावावर होते आणि उद्या तिथून बाहेर पडता येते का, हे दोन प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत.

डोमेन ‘विकत’ मिळते का?

नाही. डोमेन भाड्याने मिळते. कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त दहा वर्षे मुदतीची नोंदणी होते. मुदत संपायच्या आत पैसे भरत राहिलात तर नाव तुमचे, नाहीतर ते पुन्हा बाजारात जाते.

या व्यवहारात तीन-चार थर असतात. सगळ्यात वर ‘आयकॅन’ ही १९९८ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ना-नफा संस्था आहे. जगभरच्या डोमेन व्यवस्थेचे नियम ती ठरवते. तिच्या खाली रजिस्ट्री असते, म्हणजे मूळ नोंदवही सांभाळणारी संस्था. डॉट कॉमची नोंदवही व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी सांभाळते. डॉट इन आणि डॉट भारत यांची नोंदवही ‘निक्सी’कडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे आहे.

रजिस्ट्री आपल्याला थेट नाव देत नाही. ते काम रजिस्ट्रार कंपन्या करतात. त्यांना आयकॅनची मान्यता लागते. डॉट इनसाठी निक्सीची. आणि रजिस्ट्रारच्याही खाली रिसेलर असतात. तुमच्या गल्लीतला वेबसाइट बनवणारा बहुतेक वेळा रिसेलर असतो, किंवा तोही नसतो. तो तुमच्यासाठी स्वतःच्या खात्यातून नाव घेतो.

सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर रजिस्ट्री म्हणजे मूळ दप्तर, रजिस्ट्रार म्हणजे नोंद करून देणारे कार्यालय आणि रिसेलर म्हणजे कचेरीबाहेरचा एजंट. फरक एवढाच, की इथे नोंद करून देणारी कार्यालये शेकड्यांनी आहेत, सगळी खासगी आहेत आणि गिऱ्हाईक मिळवण्यासाठी एकमेकांशी स्पर्धा करतात. कोणाकडूनही नोंद केली तरी दप्तर तेच. म्हणून महाग रजिस्ट्रारकडचे डॉट कॉम ‘चांगले’ आणि स्वस्ताकडचे ‘हलके’ असे काही नसते. वेबसाइटचा वेगही त्याने बदलत नाही. तो होस्टिंगवर ठरतो.

मग ९९ रुपयांत कसे परवडते?

परवडत नाही. हे समजायला घाऊक भाव माहीत हवा. एका डॉट कॉमसाठी रजिस्ट्रारला व्हेरिसाइनला वर्षाला ठरावीक रक्कम द्यावी लागते. २०२१ पर्यंत ती ७.८५ डॉलर होती. पुढची चार वर्षे दर वर्षी ती वाढत गेली आणि १ सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर झाली. त्यावर आयकॅनचे सुमारे २० सेंट शुल्क. डॉलर ८५ ते ९० रुपयांच्या दरम्यान धरला, तर हे जवळपास नऊशे रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की हजाराच्या वर आकडा जातो.

म्हणजे डॉट कॉम ९९ रुपयांत देणारी कंपनी पहिल्या वर्षी खिशातून पैसे घालते. ते ती दोन वाटांनी वसूल करते : पुढच्या वर्षांचा चढा रिन्यूअल दर, आणि पैसे भरताना गळ्यात मारलेल्या जोडसेवा.

एक काल्पनिक हिशेब करून बघू. ‘अ’ कंपनी पहिल्या वर्षी ९९ रुपये घेते आणि पुढे दर वर्षी १,५०० रुपये. ‘ब’ कंपनी दर वर्षी सरसकट १,१०० रुपये घेते. पाच वर्षांत ‘अ’चे होतात ६,०९९ रुपये आणि ‘ब’चे ५,५०० रुपये. ‘अ’ने माहिती लपवण्याच्या ‘प्रायव्हसी’ सेवेचे वर्षाला ३०० रुपये वेगळे लावले, तर तिचा आकडा ७,५९९ वर जातो. जाहिरातीत मात्र ‘अ’ अकरा पट स्वस्त दिसते.

म्हणून दर विचारताना प्रश्न एकच : जीएसटी धरून पाच वर्षांचे एकूण किती? बहुतेक कंपन्या रिन्यूअलचा दर छापतात, पण लहान अक्षरात, नाहीतर वेगळ्या पानावर. तो सापडत नसेल तर ती कंपनी सोडून द्यावी.

पैसे भरण्याच्या पानावर आणखी एक काळजी घ्या. वेबसाइट बिल्डर, ‘प्रीमियम डीएनएस’, ईमेल, सुरक्षा प्रमाणपत्र अशा गोष्टींवर आधीच टिकमार्क केलेला असू शकतो. वेबसाइटच्या पत्त्याआधी कुलूप दिसण्यासाठी लागणारे साधे एसएसएल प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’सारख्या ना-नफा सेवेकडून मोफत मिळते आणि बऱ्याच होस्टिंग कंपन्या ते आपोआप बसवून देतात. त्यासाठी डोमेन घेताना वेगळे पैसे मोजायची गरज बहुतेकांना पडत नाही.

भरवशाचा रजिस्ट्रार ओळखायचा कसा?

पहिली पायरी मान्यतेची. मान्यताप्राप्त रजिस्ट्रारांची यादी आयकॅनच्या आणि निक्सीच्या वेबसाइटवर कोणालाही बघता येते. कंपनी त्या यादीत नसेल तर ती रिसेलर आहे. रिसेलरकडून घेणे चुकीचे नाही, पण त्याच्या वरचा रजिस्ट्रार कोण हे माहीत असायला हवे. आयकॅनच्या करारानुसार रिसेलरच्या कामाची जबाबदारी शेवटी त्या रजिस्ट्रारवर असते. रिसेलर गायब झाला तर दाद त्याच्याकडे मागायची.

दुसरी पायरी बाहेर पडण्याच्या वाटेची. एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नाव न्यायला ‘ऑथ कोड’ लागतो. तो म्हणजे नावाची किल्ली. डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅनचा नियम असा, की खातेदाराने मागितल्यावर रजिस्ट्रारने हा कोड पाच दिवसांत द्यायलाच हवा. चांगल्या कंपनीत तो खात्यात जाऊन एका बटणावर मिळतो. नाव नवे घेतले किंवा नुकतेच हलवले असेल, तर साधारण ६० दिवस ते पुन्हा हलवता येत नाही. डॉट कॉमचे स्थलांतर करताना जे पैसे भरतो, त्यात एक वर्षाची मुदतवाढही मिळते, त्यामुळे ते पैसे वाया जात नाहीत. म्हणजे पहिले वर्ष स्वस्तात घेऊन, रिन्यूअलच्या आधी दुसरीकडे जाण्याची मुभा आहे. फक्त हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये.

तिसरी पायरी खात्याच्या कुलपाची. पासवर्डबरोबर मोबाइलवरचा दुसरा कोड मागणारी टू-फॅक्टर सोय आहे का? नाव परस्पर हलवता येऊ नये म्हणून ट्रान्सफर लॉक आहे का? या दोन्ही सोयी मोफत असायला हव्यात.

चौथी पायरी पैसे भरण्याची. भारतीय रजिस्ट्रारकडे रुपयांत, यूपीआयने पैसे भरता येतात आणि जीएसटी क्रमांकासह बिल मिळते. नोंदणीकृत कारखान्याला किंवा दुकानाला त्या कराचे क्रेडिट घेता येते. परदेशी कंपन्यांपैकी काहींचे दर सरळ आणि कमी असतात, पण डॉलरचा भाव आणि कार्डावरचे चलन-बदलाचे शुल्क त्यात मिळवून बघावे लागते.

इथे आणखी एक मेख आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीचे नियम कडक केले. ग्राहकाच्या भल्याचेच ते नियम, पण त्यानंतर अनेक परदेशी कंपन्यांची ‘ऑटो-रिन्यू’ वसुली भारतीय कार्डांवर अडकू लागली. त्यामुळे ऑटो-रिन्यू चालू केले म्हणजे झाले, असे समजू नका. महत्त्वाच्या नावाचे तीन किंवा पाच वर्षांचे पैसे एकदम भरणे जास्त सुरक्षित.

मोठी कंपनी म्हणजे कायमची कंपनी का?

तसे नाही. अमेरिकेतली ‘रजिस्टरफ्लाय’ ही स्वस्त दरासाठी नावाजलेली कंपनी. २००७ मध्ये तिचा कारभार कोसळला. लोकांनी पैसे भरूनही नूतनीकरण होत नव्हते, स्थलांतराचे कोड मिळत नव्हते. आयकॅनने तिची मान्यता काढून घेतली आणि लाखो नावे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवावी लागली. त्यानंतर रजिस्ट्रारने ग्राहकांच्या नोंदींची प्रत त्रयस्थ संस्थेकडे ठेवायची व्यवस्था अंमलात आली. आज मान्यताप्राप्त रजिस्ट्रार बुडाला तरी नाव वाचण्याची शक्यता मोठी आहे, ती त्यामुळे. अर्थात नोंदीत तुमचे नाव असेल तरच.

कंपन्या विकल्याही जातात. मुंबईत तुराखिया बंधूंनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या ‘डायरेक्टी’ने बिगरॉक आणि रिसेलरक्लब हे भारतात घरोघरी पोचलेले डोमेन व्यवसाय उभे केले. २०१४ मध्ये ते अमेरिकेच्या एंड्युरन्स कंपनीकडे गेले. गूगलसारख्या बलाढ्य कंपनीनेही २०२३ मध्ये आपला डोमेन व्यवसाय स्क्वेअरस्पेसला विकून टाकला आणि ग्राहक नव्या कंपनीकडे वर्ग झाले. अशा बदलात नाव जात नाही, पण दर, सेवा आणि लॉगिनची पद्धत बदलू शकते. म्हणून रजिस्ट्रारकडून आलेला ‘आमच्या सेवेत बदल’ अशा विषयाचा ईमेल न वाचता पुसू नये.

नाव बहुतेक वेळा हातातून जाते कसे?

रजिस्ट्रार बुडण्याचे प्रसंग विरळा. छोट्या व्यावसायिकाचे नाव हातातून जाते ते बहुधा दोन साध्या कारणांनी.

पहिले कारण म्हणजे नाव दुसऱ्याच्या खात्यात असणे. वेबसाइट बनवणारा म्हणतो, ‘डोमेन, होस्टिंग सगळे माझ्याकडून, तुम्ही काळजी करू नका.’ तो त्याच्या खात्यातून, त्याच्या ईमेलवर नोंद करतो. तीन वर्षांनी तो धंदा बदलतो, फोन उचलत नाही, किंवा पैशांवरून बिनसते. बॅगेवर, पावतीवर, टेम्पोच्या मागे तुमच्या दुकानाचा पत्ता छापलेला, पण नोंदीत मालक तो. मग रजिस्ट्रारला कितीही ईमेल पाठवा, तो खातेदाराचेच ऐकणार.

यात प्रत्येक वेळी फसवणूकच असते असे नाही. बऱ्याचदा तो सोयीचा भाग असतो. उपायही सोपा आहे. खाते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलने उघडा, पैसे स्वतः भरा आणि त्यानंतर वेबसाइटवाल्याला लागणारी डीएनएसची माहिती द्या किंवा खात्यात मर्यादित प्रवेश द्या. ‘मालक’ या रकान्यात धंद्याचे किंवा तुमचे नाव असू द्या. ट्रस्ट, सोसायटी, क्रीडा मंडळ अशा संस्थांनी सेक्रेटरीच्या खासगी ईमेलऐवजी संस्थेचा कायमचा ईमेल वापरावा. पदाधिकारी बदलले की हस्तांतर सोपे जाते.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट : रजिस्ट्रारच्या खात्याला दिलेला ईमेल त्याच डोमेनचा नसावा. डोमेन बंद पडले की तो ईमेलही बंद पडतो आणि पासवर्ड बदलायचा कोड कुठे येणार, हा प्रश्न उभा राहतो.

दुसरे कारण म्हणजे मुदत विसरणे. हे मोठ्यांनाही चुकलेले नाही. १९९९ च्या नाताळात हॉटमेलच्या अनेक ग्राहकांना लॉगिन करता येईना, कारण मायक्रोसॉफ्टने पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे पैसे भरले नव्हते. शेवटी एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले.

मुदत संपल्यावर किती वेळ मिळतो?

डॉट कॉमसारख्या नावांसाठी रजिस्ट्रारने मुदतीआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा दोन सूचना आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक सूचना पाठवायची असते. त्यानंतर रजिस्ट्रारच्या धोरणानुसार काही दिवस, जास्तीत जास्त ४५, नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येऊ शकते. प्रत्येक कंपनी एवढे दिवस देईलच असे नाही. नाव रद्द झाले की ३० दिवसांचा ‘रिडेम्प्शन’ काळ सुरू होतो. त्यात नाव परत मिळते, पण दंड नेहमीच्या दराच्या कित्येक पट. शेवटचे पाच दिवस काहीच करता येत नाही आणि मग नाव सगळ्यांसाठी खुले होते. जुन्या, चालत्या नावांवर टपून बसलेली सॉफ्टवेअर ते त्याच क्षणी उचलतात.

या सूचना नोंदीतल्या ईमेलवरच येतात. तो ईमेल जुन्या वेबसाइटवाल्याचा असेल, तर तुम्हाला कळते ते थेट वेबसाइट बंद पडल्यावर.

डॉट कॉम, डॉट इन की डॉट भारत?

ग्राहक भारतातलेच असतील तर डॉट इन चांगला पर्याय आहे; तो बहुधा डॉट कॉमपेक्षा स्वस्त पडतो. त्याचे नियम निक्सी ठरवते, त्यामुळे वर सांगितलेल्या मुदती तिथे जशाच्या तशा लागू होतील असे नाही. डॉट इनवर खऱ्या मालकाची माहिती लपवणारी ‘प्रायव्हसी’ सेवा चालत नाही. कोणी ती विकत असेल तर घेऊ नका. देवनागरीतले डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले आणि मराठीतही नाव घेता येते. पाटीवर ते शोभून दिसते, पण सगळीकडे ईमेलसाठी चालेलच असे नाही. म्हणून ते एकटे न घेता जोडीला घ्यावे.

नाव निवडताना फोनवर सांगून बघा. गावाचे नाव घालणार असाल तर जास्तच. वसईचा तह इंग्रजी पुस्तकांत ‘बॅसिन’चा तह असतो आणि इथल्या ‘बॅसिन कॅथलिक’ बँकेच्या नावात ते जुने रूप अजून टिकून आहे. ऐकणारा कोणती अक्षरे टाइप करेल याची शंका असेल तर सोपे नाव शोधा, नाहीतर दोन्ही रूपे नोंदवा.

पत्त्याच्या शेवटच्या तुकड्याला किती महत्त्व आले आहे, हे बँकांकडे बघून कळते. रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांसह सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितले. हे पत्ते देण्याचा अधिकार आयडीआरबीटी या एकाच संस्थेला आहे आणि ती बँकांनाच ते देते. बनावट बँक साइटला तो पत्ता सहजी मिळू नये, हा त्यामागचा हेतू. आपल्या दुकानाला असे संरक्षण नाही, तेव्हा राखण आपणच करायची.

‘डोमेन संपतेय, लगेच पैसे भरा’

डोमेन घेतल्यावर काही दिवसांत असे ईमेल किंवा फोन येऊ लागतात. काही बिलासारखे दिसतात, पण असतात दुसऱ्याच कंपनीचे. पैसे भरले की नाव तिकडे हलवले जाते किंवा नुसतेच पैसे जातात. काहींत सांगतात, की चीनमधली एक कंपनी तुमचे नाव नोंदवायला निघाली आहे, तुम्ही आधी घ्या. अशा ईमेलमधल्या लिंकवर पैसे भरू नका. स्वतः रजिस्ट्रारची साइट उघडून, लॉगिन करून तारीख बघा.

एक ईमेल मात्र खरा असतो : नोंदणीनंतर पत्ता पडताळण्याचा. डॉट कॉमसारख्या नावांत १५ दिवसांत पडताळणी झाली नाही, तर नाव तात्पुरते बंद केले जाऊ शकते.

कोणी तुमच्याच नावाशी मिळतेजुळते डोमेन घेऊन ग्राहक पळवत असेल तर कायद्याचा आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रेडिफच्या खटल्यात ‘रॅडिफ’ या नावाच्या वापराला मनाई केली, आणि २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला व्यापारी नावासारखेच संरक्षण मिळू शकते हे मान्य केले. डॉट इनच्या वादांसाठी निक्सीची स्वतंत्र लवाद पद्धतही आहे. पण हा वेळेचा आणि पैशांचा मार्ग आहे.

आधीच डोमेन आहे, आता काय करावे?

आयकॅनच्या ‘लुकअप’ पानावर आपले नाव टाका. रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते हे लगेच दिसेल. मालकाचे नाव गोपनीयतेमुळे तिथे बहुधा झाकलेले असते, म्हणून ते खात्यात जाऊन बघा. खाते तुमच्याकडे नसेल तर वेबसाइटवाल्याशी संबंध चांगले असतानाच, नाव तुमच्या खात्यात वर्ग करून मागा. एकाच रजिस्ट्रारमध्ये हे सहसा काही मिनिटांत होते. मग मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि घरातल्या किंवा धंद्यातल्या आणखी एका माणसाला लॉगिन कुठे ठेवले आहे ते सांगून ठेवा.

अजून डोमेन घेतलेच नसेल, तर यादीतला मान्यताप्राप्त रजिस्ट्रार, पाच वर्षांचा जीएसटीसह दर, सहज मिळणारा ऑथ कोड आणि मोफत टू-फॅक्टर, एवढे चार निकष लावा. त्यात जो सर्वांत कमी दरात बसेल, तो घ्यायला हरकत नाही. फक्त फॉर्म भरताना कीबोर्डवर बोटे तुमची असू द्या.